तिसऱ्या-चौथ्या पटाची किंमत

सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला झालेल्या ४५व्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही विभागांचे सुवर्ण जिंकले. एकाच ऑलिम्पियाडमध्ये अशी दुहेरी मजल त्याआधी सोव्हिएत संघ आणि चीन यांनीच मारली होती. मथळे गुकेशच्या वाट्याला गेले आणि त्यात गैर काही नाही. पहिल्या पटावर दहा डावांत नऊ गुण ही गंमत नव्हे. पण या स्पर्धेची घडणच अशी आहे की ती देशाच्या सर्वोत्तम खेळाडूपेक्षा त्याच्या मागे उभ्या असलेल्यांची परीक्षा घेते. संघात पाच जण, प्रत्येक फेरीत चार पट, एकूण ११ फेऱ्या. पूर्वी प्रत्येक डावाचा गुण धरून क्रमवारी लागे. २००८ पासून लढत जिंकली की दोन गुण, बरोबरीला एक. म्हणजे साडेतीन-अर्धा असा दणदणीत विजय आणि अडीच-दीड अशी निसटती सरशी यांचे मोल सारखेच, आणि पहिल्या पटावर जगज्जेता बसवला तरी तो मिळवून देणार जास्तीत जास्त आपल्या डावाचा एक गुण. मॅग्नस कार्लसनच्या नॉर्वेला हे २०२२ मध्ये चेन्नईत कळले. मानांकन तिसरे, शेवटचा क्रमांक ५९वा. तिथले सुवर्ण नेले ते १४वे मानांकन असलेल्या उझबेकिस्तानच्या तरुणांनी.

यावर कुणी म्हणेल की बुडापेस्टला अमेरिकेविरुद्धच्या निर्णायक लढतीत गुकेशने कारुआनाला हरवले, मग तारा लागतोच की! लागतो, पण पुरत नाही. त्याच लढतीत दुसऱ्या पटावर प्रज्ञानंद वेस्ली सोकडून हरला, चौथ्यावर विदितने अरोनियनशी बरोबरी केली आणि तिसऱ्यावर अर्जुन एरिगैसीने दोमिंगेझला नमवले तेव्हा कुठे अडीच-दीड झाले. अर्जुन त्या वेळी भारताचा सर्वाधिक रेटिंग असलेला खेळाडू होता, तरीही तो तिसऱ्या पटावर बसला आणि ११ डावांत दहा गुण घेऊन उठला. पहिल्या पटावर बहुतेक बलाढ्य देशांकडे तोलामोलाचा माणूस असतो. तिसऱ्या पटापर्यंत येता येता मात्र कुणाच्या घरात किती दाणे आहेत ते उघडे पडते.

महिला विभागात हे आणखी ठळकपणे दिसले. आठव्या फेरीत पोलंडकडून हार, नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी, आणि पहिल्या पटावर हरिकाची कामगिरी बराच काळ तिच्या लौकिकाला साजेशी नव्हती. तरीही संघ कोसळला नाही, कारण तिसऱ्या पटावर नागपूरच्या दिव्या देशमुखने ११ डावांत साडेनऊ आणि चौथ्यावर वंतिका अग्रवालने नऊ डावांत साडेसात गुण काढले. दोघींनाही आपापल्या पटाचे वैयक्तिक सुवर्ण मिळाले. पुण्याच्या अभिजित कुंटे यांच्याकडे कर्णधारपद होते. कर्णधाराला डाव चालू असताना चाल सुचवता येत नाही. फार तर बरोबरीबाबत सल्ला देता येतो. त्याची खरी ताकद कुणाला बसवायचे आणि कुणाला विश्रांती द्यायची यात असते, आणि ती वापरायला बाकावर भरवशाचा पाचवा खेळाडू लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चीनच्या अव्वल महिला आल्या नव्हत्या, रशियाचा संघही नव्हता. खरे आहे. पण कोनेरू हंपीही भारताकडून खेळली नव्हती. आपल्या सर्वोत्तम महिला खेळाडूशिवाय सुवर्ण जिंकणे हा उलट माझ्याच म्हणण्याचा पुरावा ठरतो. आणखी मागे जाऊ. आनंदसारखा जगज्जेता घडवूनही भारताच्या खुल्या संघाला पहिले पदक, कांस्य, मिळाले ते २०१४ मध्ये ट्रॉम्सोला, आणि त्या संघात आनंद नव्हता.

तेव्हा विजेत्यांना लाखोंची बक्षिसे जरूर द्यावीत, पण महासंघाने आणि राज्य संघटनांनी पैसा, प्रशिक्षक आणि परदेशातल्या स्पर्धा देशातल्या सहाव्या ते विसाव्या क्रमांकाच्या मुला-मुलींपर्यंत आधी पोचवाव्यात.