तरफेची वायु-बंदूक : खेळ आणि खबरदारी

१९३९ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘स्टेजकोच’ या बोलपटांत जॉन वेन हा नट वाटेंत उभा राहून बंदूक एका हातानें गर्रकन् फिरवितो, आणि तेवढ्यांत ती पुन्हा उडण्यास सिद्ध होते. चापाभोंवतीं बसविलेली मोठी लोखंडी कडी हेंच त्या चमत्काराचें मर्म. ही कडी म्हणजे एक तरफ होय. या बंदुकीनें प्रेक्षकांच्या मनांत जें घर केलें तें अद्याप सुटलेलें नाहीं. म्हणूनच वायूच्या जोरावर प्लॅस्टिकची गोळी फेंकणारी तिची प्रतिकृति आज अनेक देशांच्या बाजारांत मिळते. ती कशी चालते, स्वस्त कां पडते, आणि तिच्याशीं कसें वागावें, हें समजून घेण्याजोगें आहे.

प्रथम मूळ बंदुकीविषयीं. बेंजामिन टायलर हेन्री या कारागिरास १८६० सालीं अशा एका बंदुकीचें पेटंट मिळालें. तिच्याच वंशांत विंचेस्टर कंपनीची १८७३ ची प्रसिद्ध रायफल जन्मली, आणि पुढें जॉन ब्राउनिंग यानें आंखलेली १८९२ ची अधिक सुटसुटीत रायफल आली. तरफ खालीं ओढली कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें व घोडा चढतो; ती वर आणली कीं नळीखालच्या कोठींतील नवें काडतूस जागेवर बसतें. दोन हालचालींत सारें काम होतें.

ज्या खेळासाठीं ही प्रतिकृति बनते त्याला एअरसॉफ्ट म्हणतात. १९७० नंतरच्या दशकांत जपानांत हा खेळ उदयास आला. तेथें खरें शस्त्र बाळगण्यावर कडक निर्बंध असल्यामुळें हौशी लोकांना निरुपद्रवी नकलेची गोडी लागली. यांतील गोळी ६ मिलिमीटर व्यासाची असून तिचें वजन बहुधा ०·२० ग्रॅम असतें. ती अंगावर कोणताही डाग ठेवीत नाहीं. म्हणून ज्याला गोळी लागली त्यानें स्वतःच हात वर करून ‘लागली’ असें सांगावयाचें असतें. ज्या खेळांत हरणाराच आपला पंच असतो, त्यांत प्रामाणिकपणावांचून एक डावही पुरा होणार नाहीं.

आतां यंत्राची रचना पाहूं. स्वस्त प्रतिकृतींत बहुधा काडतूस नसतें. गोळ्या एका अरुंद पोकळींत ओळीनें बसतात व मागून स्प्रिंग त्यांना पुढें रेटते. वायूची लहानशी टांकी बंदुकीच्या अंगांतच असते. तरफेच्या हालचालीनें एक गोळी नळीच्या मुखाशीं येते व घोडा चढतो. चाप ओढतांच घोडा झडपेवर आदळतो. झडप क्षणभर उघडते आणि निसटलेला वायु गोळीला पुढें ढकलतो. नळीच्या आरंभीं वरच्या बाजूस रबराचा बारीक उंचवटा असतो. त्याला घांसून गोळी उलटी गिरकी घेते व त्यामुळें हवेंत अधिक वेळ तरंगते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेंत वळतो तो याच नियमानें.

स्वस्ताईचें एक कारण या रचनेंतच आहे. आपोआप भरणाऱ्या वायु-बंदुकींत वायूला दोन कामें करावीं लागतात : गोळी फेंकणें आणि यंत्र मागें रेटणें. येथें दुसरें काम माणसाचा हात करतो. म्हणून वायु कमी लागतो व भागही थोडे असतात. बाकीची काटकसर साहित्यांत होते. पोलादाऐवजीं जस्ताचा मिश्रधातु, अक्रोडाच्या लांकडाऐवजीं लांकडासारखें दिसणारें प्लॅस्टिक. जस्ताचे भाग धसमुसळेपणानें तडकतात. तेव्हां पडद्यावरील गिरकीची नक्कल या बंदुकीनें करूं नये. जी महाग प्रतिकृति प्रत्येक बारास काडतूस बाहेर टाकते, तिचीं काडतुसें गवतांतून शोधीत बसावें लागतें, हेंही ध्यानांत असावें.

वायूचा स्वभावही ओळखला पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं वापरला जाणारा वायु मुख्यतः प्रोपेन असतो. २० अंश उष्णतेवर त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारें आठपट असतो, आणि शून्य अंशावर तो पांचपटीच्याही खालीं येतो. म्हणून थंडींत बंदूक मंदावते, तर कडक उन्हांत जोर वाढतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब २० अंशांवर सुमारें ५७ पट असल्यानें तो दुसऱ्या वायूसाठीं केलेल्या बंदुकींत कधींही भरूं नये. रबरी कड्यांना सिलिकोनचें तेल दिल्यास गळती टळते. प्रोपेन पेट घेणारा आहे, म्हणून तो भरतांना जवळ विस्तव नसावा.

जपानच्या कायद्यानें २००६ पासून अशा गोळीची शक्ति सुमारें ०·९८ ज्यूलच्या आंत ठेविली आहे. शंभर ग्रॅमचें लिंबू एक मीटर उंचीवरून पडलें तर तेवढीच शक्ति होते. परंतु तीच शक्ति ६ मिलिमीटरच्या गोळींत सांठली म्हणजे ती सेकंदाला सुमारें ९९ मीटर वेगानें धांवते. कातडीवर वळ उठेल. डोळा मात्र कायमचा जाऊं शकेल. म्हणून संरक्षक चष्म्यावांचून मैदानांत पाऊल टाकूं नये.

याहून मोठा धोका आहे तो हुबेहूबपणाचा. अमेरिकेंत १९८८ च्या कायद्यान्वयें नकली बंदुकीच्या तोंडाशीं नारिंगी खूण करण्याचा दंडक आला. ब्रिटनमध्यें २००६ च्या कायद्यानें हुबेहूब नकलांच्या विक्रीवर निर्बंध घातले. तरीही २०१४ सालीं क्लीव्हलंड शहरांतील एका बागेंत १२ वर्षांचा एक मुलगा एअरसॉफ्टचें पिस्तूल घेऊन खेळत असतां पोलिसाच्या गोळीस बळी पडला. त्या पिस्तुलावरील नारिंगी खूण निघालेली होती. पाहणाराला खरें व खोटें ओळखण्यास क्षणाचाही अवसर मिळाला नाहीं, आणि खेळणें हातीं असलेल्या मुलाचा जीव खऱ्या गोळीनें घेतला.

ही बंदूक घरांतून मैदानावर न्यावी ती पिशवींत बंद करून. रस्त्यांत, गच्चीवर वा खिडकींत ती दिसूं देऊं नये. आणि लहान मुलाच्या हातीं ती एकट्यानें कधींही पडूं नये. मैदानावर सर्वांना ठाऊक असतें कीं हा खेळ आहे. मैदानाबाहेर तें कोणालाही ठाऊक नसतें.