पोथी, पडदा आणि परिभाषा

शनिवारवाड्यापासून बाजीराव रस्त्याने दक्षिणेस निघाले की थोड्याच वेळात शनिवार पेठेच्या कडेचा अप्पा बळवंत चौक लागतो. जून महिन्यात पाठ्यपुस्तकांसाठी येथे पाय ठेवण्यास जागा नसते. या गजबजाटालगतच आनंदाश्रम ही संस्था शांतपणे उभी आहे. आयुर्वेद व्यवसायातील आपणा सर्वांवर तिचे ऋण आहे, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ मध्ये ही संस्था स्थापन केली. कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी पुढे तिचा कारभार पाहिला. निरनिराळ्या ठिकाणच्या हस्तलिखित पोथ्या मिळवून, पाठभेद ताडून, त्या अल्प मूल्यात छापणे हे तिचे व्रत. आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीत 'योगरत्नाकर', 'रसरत्नसमुच्चय', वृंदाचा 'सिद्धयोग', पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' आणि राजनिघंटूसह 'धन्वंतरीय निघंटु' प्रसिद्ध झाले. त्यांपैकी 'योगरत्नाकर' व 'रसरत्नसमुच्चय' हे ग्रंथ औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. शास्त्रोक्त कल्पाचा परवाना मागताना औषधनिर्मात्यास ज्या ग्रंथांचा आधार द्यावा लागतो, ते हेच.

आज यांतील बहुतेक ग्रंथ संगणकाच्या पडद्यावर, किंबहुना भ्रमणध्वनीवर, विनामूल्य उपलब्ध आहेत. राष्ट्रीय पांडुलिपी अभियान २००३ मध्ये सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान वारसा संस्थेने संहिता व निघंटू शोधसुलभ स्वरूपात खुले केले. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या व्रणरोपक गुणावर दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते आपल्याकडील जुने लेखी पुरावे पुढे ठेवता आले म्हणूनच. त्यानंतर २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय कोश उभा राहू लागला. तेव्हा पडद्याशी आमचे वैर नाही. दुर्मिळ ग्रंथ खेड्यातील वैद्यापर्यंत पोहोचला, ही मोठीच गोष्ट आहे.

परंतु शोधणे निराळे आणि वाचणे निराळे. कल्पाचे नाव टंकित करताच नेमका श्लोक समोर येतो. परिभाषा मात्र येत नाही. शार्ङ्गधरसंहितेच्या पूर्वखंडात, पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की गुंजेपासून कुडवापर्यंत द्रव, आर्द्र व शुष्क द्रव्यांचे मान समान धरावे आणि प्रस्थापासून पुढे द्रव व आर्द्र द्रव्ये दुप्पट घ्यावीत. हा नियम प्रत्येक योगाच्या श्लोकात पुन्हा सांगितलेला नसतो. ज्याने ग्रंथ आरंभापासून वाचला नाही, तो आसवात अथवा तैलात द्रव निम्माच घालील आणि आपण ग्रंथोक्त केले अशी त्याची खात्रीही असेल! मागध व कालिंग मानांचा विवेक, एकाच नावाचे निरनिराळ्या ग्रंथांतील निरनिराळे पाठ, टीकाकारांचे स्पष्टीकरण, यांचीही हीच गत. पडद्यावरून उचललेला सुटा श्लोक संदर्भावाचून हातोहात फिरतो आणि चूक शेवटी रुग्णाच्या पोटात जाते.

दुसरी हानी याहून मूक आहे. पेठांतील जुन्या वैद्यांच्या पुस्तकांवर समासात पेन्सिलीने टिपणे असत: अमुक अनुपानाने गुण आला, अमुक प्रकृतीस सोसले नाही, अमुक भस्मास इतकी पुटे लागली. वैद्य निवर्तले, वाडा पाडला गेला, आणि पुस्तके वजनावर गेली, असे आपण सर्वांनीच पाहिले आहे. 'ते सगळे संगणकावर मिळते' असे समाधान अशा वेळी घरची मंडळी करून घेतात. छापील ग्रंथ मिळेल. पन्नास वर्षांच्या अनुभवाचे समास कोठून मिळणार?

म्हणून आमचे वैद्यबंधू-भगिनींना व औषधनिर्मात्यांना नम्र सुचविणे आहे. संदर्भ देताना ग्रंथ, अध्याय, आवृत्ती व वर्ष नोंदवावे. पडद्यावर सापडलेला योग छापील, सटीक प्रतीशी ताडल्यावाचून कढईत उतरवू नये. आपल्या संग्रहाची यादी हयातीतच करावी, टिपणे असलेल्या पानांची छायाचित्रे काढावीत आणि ग्रंथ कोणत्या ग्रंथालयास द्यावयाचे ते घरच्यांना लेखी सांगून ठेवावे.

आपट्यांच्या काळी पोथी मिळविण्यासाठी गावोगाव पत्रे धाडावी लागत. आज ती क्षणात मिळते. वाचण्याचे श्रम मात्र तेवढेच उरले आहेत, आणि ते आपणासच करावयाचे आहेत.