म्हशींचा मुका माज : गोठ्यातील प्रश्न आणि प्रयोगशाळेतील उत्तरे

ग्रामीण अर्थव्यवस्थेत म्हशीचे स्थान किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १० कोटी ९८ लक्ष म्हशी असून त्यांपैकी सुमारे ५६ लक्ष महाराष्ट्रात आहेत. देशात निघणाऱ्या एकूण दुधापैकी निम्म्याच्या आसपास दूध म्हशींचे असते. असे असूनही संशोधन व प्रसार यांचे लक्ष दीर्घकाळ गायींच्या संकराकडेच अधिक राहिले आणि म्हशीला गायीचेच नियम लावण्यात आले. म्हैस म्हणजे काळी गाय नव्हे, ही गोष्ट पशुपालक जाणून होता. शास्त्राने तिचा स्वतंत्र विचार करावयास थोडा विलंबच लावला, असे म्हणावे लागेल.

म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा, म्हणजे गायीपेक्षा जवळजवळ एक महिन्याने अधिक आहे. तेरा-चौदा महिन्यांनी एक वेत मिळावयाचे असेल, तर व्याल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांच्या आत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. माज साधारणपणे २१ दिवसांनी येतो. तो एकदा हुकला की २१ दिवस गेले. चार वेळा हुकला की ८४ दिवस. या काळात दूध आटत जाते, वैरण व पेंड मात्र चालूच असते, आणि म्हैस कर्जाऊ घेतलेली असेल तर हप्ताही थांबत नाही. अखेर एक धडधाकट जनावर भाकड ठरून बाजाराची वाट धरते. तिच्या ठिकाणी दोष होता की माज ओळखणाऱ्याच्या नजरेत, याचा निवाडा तोवर झालेला नसतो.

माज येतो, पण दिसत नाही

गाय माजावर आली की हंबरते, अस्वस्थ होते, दुसऱ्या गायीवर उडते. म्हशीत हे उडणे क्वचितच आढळते. कित्येक म्हशी ओरडत नाहीत आणि त्यांचा सोटही गायीइतका भरपूर नसतो. पुष्कळदा तो म्हैस बसली असताना जमिनीवर थोडासा पडतो आणि शेणामुतात मिसळून जातो. यालाच पशुपालक मुका माज म्हणतात. माजाची लक्षणे रात्री व पहाटे अधिक दिसतात आणि कडक उन्हात लोपतात. म्हणून पहाटे व रात्री उशिरा गोठ्यात एक फेरी मारणे अगत्याचे ठरते. काचेसारखा स्वच्छ व चिकट सोट, थोडी थोडी लघवी वारंवार करणे, शेपटी किंचित उचलून धरणे, पान्हा चोरणे आणि एखाद्या वेळी दूध अचानक कमी होणे, ही लक्षणे ध्यानात ठेवावीत. दूध काढणाऱ्या स्त्रीच्या लक्षात ती बहुधा सर्वांआधी येतात. परंतु दवाखान्यात म्हैस घेऊन जाणाऱ्या पुरुषाला तिने सांगितलेले किती वेळा ऐकले जाते, हा प्रश्नच आहे.

दुधातील अथवा रक्तातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण मोजता येऊ लागले, तेव्हा या प्रश्नावर मोठाच प्रकाश पडला. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन नमुने तपासले की बीजांडकोशाचे कार्य चालू आहे की बंद, हे समजते. माजावर येत नाही म्हणून आणलेल्या अनेक म्हशींचे बीजांडकोश नियमितपणे काम करीत असल्याचे अशा तपासणीत आढळून आले. म्हणजे माज येत होता, तो पाहिला गेला नव्हता. उरलेल्या म्हशींचे बीजांडकोश मात्र खरोखरच निष्क्रिय होते. या दोहोंवरील उपाय अगदी भिन्न आहेत. पहिल्या प्रकारात, बीजांडकोशावर पक्व पीतपिंड असताना दिलेले प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन दोन-चार दिवसांत म्हशीला माजावर आणते. दुसऱ्या प्रकारात त्याचा काडीइतका उपयोग होत नाही. आणि म्हैस गाभण असेल, तर त्याच इंजेक्शनाने गर्भपात होतो. तपासणी न करता, शेजाऱ्याच्या म्हशीला गुण आला म्हणून आपल्याही म्हशीला तेच औषध टोचून घेणे किती महागात पडते, हे यावरून ध्यानी यावे.

ऊन, दिवस आणि वैरण

म्हशीच्या प्रजननावर ऋतूचा प्रभाव ठळक आहे. दिवस लहान होऊ लागले की, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत, म्हशी अधिक प्रमाणात माजावर येतात आणि उन्हाळ्यात हे प्रमाण घसरते. काळी कातडी उष्णता शोषून घेते, घर्मग्रंथी गायीच्या मानाने फार थोड्या असतात. त्यामुळे डुंबणे ही म्हशीची चैन नसून तिची शारीरिक गरज होय. जेथे डोह वा तलाव नाही, तेथे दुपारी दोन-तीन वेळा अंगावर पाणी मारणे आणि गर्द सावलीत बांधणे, एवढ्यानेही फरक पडतो. उन्हाळ्यातच हिरवी वैरण संपलेली असते. नुसत्या कडब्यावर काढलेल्या महिन्यांत प्रथिने, स्फुरद व जीवनसत्त्व 'अ' यांची उणीव पडते व बीजांडकोश निष्क्रिय होण्यास तेही कारण ठरते. अशा वेळी क्षारमिश्रण आणि थोडी पेंड हाच पहिला उपचार, इंजेक्शन नंतरचे.

पश्चिम महाराष्ट्रातील लांब, तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस नियमित वेतांबद्दल प्रसिद्ध आहे. विदर्भातील नागपुरी म्हैस उन्हाचा ताप चांगला सोसते. मुऱ्हाच्या अधिक दुधाकडे पाहताना या गुणांचा हिशेब पशुपालकांनी अवश्य करावा.

अडलेली म्हैस

म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडणे, हे आपल्या देशात म्हैस अडण्याचे फार मोठे कारण आहे. दिवस भरलेली म्हैस उठबस करते, कळा देते, परंतु पाणमोट दिसत नाही आणि काही तासांनी कळा मंदावतात. घरातील मंडळी तिला अजून अवकाश आहे असे समजून वाट पाहतात, किंवा कोणी हात घालून ओढाताण करतो. पशुवैद्यक अशा म्हशीला पीळ ज्या बाजूचा असेल त्याच बाजूवर आडवी पाडतो, पोटावर फळी ठेवून तिच्या एका टोकावर माणूस उभा करतो आणि पिळाच्याच दिशेने तिला सावकाश लोळवितो. फळीने गर्भाशय जागीच दाबून धरलेले असल्यामुळे शरीर त्याच्याभोवती फिरते व पीळ सुटतो. शेफर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत भारतीय पशुवैद्यकांनी म्हशीसाठी उपयुक्त सुधारणा केल्या. पहिल्या दिवसात म्हैस दवाखान्यात पोहोचली तर ती आणि रेडकू दोन्ही वाचण्याची आशा असते. त्यानंतर रेडकू बहुधा दगावते, आणि पुढे म्हशीलाही शस्त्रक्रियेखेरीज गत्यंतर राहत नाही.

रोगांपैकी घटसर्प म्हशीला गायीपेक्षा अधिक घातक असून पावसाळ्यापूर्वी लस टोचणे हाच त्यावरील खरा उपाय आहे. गळा सुजून श्वास कोंडल्यावर उपचाराला वेळ उरत नाही. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू मात्र गोठ्यात चोरपावलांनी शिरतात. गाभणकाळाच्या अखेरच्या महिन्यांत म्हैस गाभ टाकते, वार अडकते, आणि तीच वार उघड्या हातांनी काढणाऱ्या माणसालाही उलटून उलटून ताप येणारा हा रोग जडू शकतो. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरा येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबरच या रोगाचाही समावेश आहे. चार ते आठ महिन्यांच्या मादी पारड्यांनाच, आणि आयुष्यात एकदाच, ही लस द्यावयाची असते. पारड्यांची वये गावातच ठाऊक असतात. तेव्हा पथक येण्यापूर्वी ग्रामपंचायतीने त्यांची यादी तयार ठेवली, तर एकही पारडू वयाबाहेर जाणार नाही.

संशोधनाची वाटचाल

देशातील पशुवैद्यकीय संशोधनाचा प्रारंभ १८८९ साली पुण्यात स्थापन झालेल्या जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेपासून होतो. तीच पुढे मुक्तेश्वरला गेली व आजची इज्जतनगरची संस्था बनली. कृत्रिम रेतनाने जन्मलेले देशातील पहिले रेडकू १९४३ साली अलाहाबादच्या कृषी संस्थेत जन्मले. १९८५ साली हिस्सार येथे केवळ म्हशींसाठी केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० साली परीक्षानळीतील फलनातून 'प्रथम' हे पारडू जन्मले आणि २००९ साली प्रतिरूप तंत्राने 'गरिमा' जन्मली.

गावाला मात्र याहून साधी गोष्ट हवी असते. म्हशीचे बीजांड माज संपल्यानंतर दहा-चौदा तासांनी सुटते. म्हणून सकाळी माज दिसला तर सायंकाळी आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे, असा संकेत आहे. पहाटे माज ओळखलेली म्हैस सायंकाळी आणावयाची, तर केंद्र सायंकाळी उघडे हवे, म्हैस उभी करण्यास खोडा हवा आणि नत्रपात्रात द्रवरूप नत्र हवे. उणे १९६ अंशांवर राखलेले रेत पात्र कोरडे पडताच निरुपयोगी होते, आणि बाहेरून पाहता कांडी तशीच दिसते. पात्रात मोजपट्टी बुडवून नत्राची पातळी पाहण्यास अर्धे मिनिट पुरते. ती नोंद केंद्राच्या वहीत नियमितपणे होते किंवा नाही, हे पंचायत सदस्यांनाही पाहता येईल.