उभा बास: ताकदीचं वाद्य की कानाचं?

टीव्हीवर गाण्याचा कार्यक्रम बघताना गायिकेच्या मागे कधीकधी एक वेगळंच वाद्य दिसतं. माणसाएवढं उंच, पण काठीसारखं बारीक. त्याला चार जाड तारा, खाली जमिनीवर टेकलेला एक पाय आणि मागून निघालेली वायर. याचं नाव इलेक्ट्रिक अपराइट बास. आपण त्याला सरळ उभा बास म्हणू. हे वाद्य काय करतं आणि ते शिकायला काय लागतं, ते आज सांगते.

बास म्हणजे खालचा, खर्जातला सूर. मृदंगाच्या डाव्या बाजूला आपण कणीक लावतो ना? तिथून जो घुमारा निघतो, त्याच जातीचं हे काम. भजनात तो घुमारा आहे तोवर त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो थांबला की मात्र अभंग पोकळ वाटायला लागतो. बासचंही तसंच आहे. तो गाण्याखालचा पाया धरतो. त्याची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळाच थरथरते, म्हणून आवाज इतका खोल येतो.

याचं मूळ रूप म्हणजे डबल बास. लाकडाचं मोठं पोकळ पोट असलेलं, जवळपास सहा फुटी वाद्य. गोव्यातले कितीतरी वादक चर्चच्या शाळांमध्ये पाश्चात्त्य संगीत शिकून मुंबईला आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. त्या वाद्यवृंदांत हा डबल बासही असे. पण तो गाडीत मावत नाही आणि मोठ्या बँडमध्ये त्याचा आवाज दबतो. म्हणून १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत विजेवर चालणारे उभे बास निघाले. १९६२ साली अँपेग कंपनीचा 'बेबी बास' आला आणि लॅटिन अमेरिकन नाचगाण्याच्या वादकांनी तो उचलून धरला. यात पोकळ पोट लागत नाही. तारेची थरथर पिकअप नावाचा छोटा भाग पकडतो आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. हेडफोन लावला तर रात्री मुलं झोपल्यावरही सराव करता येतो.

आता शिकण्याकडे येऊ. एवढ्या जाड तारा दाबायला पैलवानाचा हात हवा, असं बघणाऱ्याला वाटतं. पण जातं ओढताना काय होतं ते आठवा. नुसत्या मनगटाने ओढलं तर पाच मिनिटांत हात भरून येतो. खांद्यापासून अंगाचा भार दिला तर पायली दळून होते. बासमध्येही तार चिमटीने दाबायची नाही. हाताचं वजन तारेवर सोडायचं. अंगठा मागे नुसता टेकलेला ठेवायचा. वाद्याची उंची आधी आपल्या मापाने लावून घ्यायची, म्हणजे खांदा वर चढत नाही. उजव्या हाताने तार छेडतात, तीही बोटाच्या टोकाने नाही, तर तर्जनीच्या कडेने.

खरी परीक्षा डाव्या हाताची. पेटीवर पट्टी दाबली की सूर आपोआप बरोबर येतो. इथे पट्ट्या नाहीत, सतारीसारखे पडदेही नाहीत. बोट पडेल तिथला सूर. तार इतकी लांब, की वरच्या टोकाजवळ 'सा' पासून 'रे' पर्यंतचं अंतर साधारण अर्धी वीत भरतं. म्हणून सुरुवातीला तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढीच वापरतात. अनामिका करंगळीला आधार देते. बोट थोडं सरकलं तरी सूर उतरतो किंवा चढतो, आणि ते डोळ्यांना नाही, कानालाच कळतं.

कान तयार करायला तंबोऱ्याचं ॲप फार कामाचं. मोबाइलवर तंबोरा लावायचा, आधी 'सा' धरायचा, मग 'प'. सूर जुळला की दोन्ही आवाज एकमेकांत विरघळतात. जुळला नाही तर मध्ये एक थरथर ऐकू येते. ती थांबेपर्यंत बोट केसभर सरकवायचं. बासवादकाचं निम्मं काम या 'सा' आणि 'प' वरच चालतं, तेही तालाच्या नेमक्या ठोक्यावर. सुरुवातीला रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. बोटांना फोड येतात, पुढे कातडी घट्ट होते. मनगट किंवा कोपर दुखलं, तर मात्र त्या दिवशी थांबायचं. ते दुखणं सोसून वाजवलं तर हात कायमचा अधू होऊ शकतो.

बायका हे वाजवतात का? एस्पेरांझा स्पाल्डिंग ही अमेरिकन बाई डबल बास वाजवत गाते. २०११ साली तिला नवोदित कलाकाराचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. बासचीच बहीण म्हणजे बास गिटार. कॅरोल के १९६३ साली एका रेकॉर्डिंगला गिटार वाजवायला गेल्या होत्या. बासवादक आला नाही, म्हणून त्यांनी बास गिटार हाती घेतली. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, लेकुरवाळ्या होत्या. पुढे अमेरिकेतल्या असंख्य गाण्यांत त्यांचा बास वाजला. आणि आपल्या मुंबईची मोहिनी डे लहानपणी वडिलांकडून बास गिटार शिकली, आज ती जगभर वाजवते.

उभा बास महाग आहे, आणि शिकवणारे सापडतात ते मोठ्या शहरांतच. पण त्यातली शिकवण आपल्याला फुकट घेता येते. कितीतरी गावांत भजनी मंडळ बायकांचं असतं, टाळ बायकांचे असतात आणि मृदंगाला मात्र माणूस बाहेरून आणावा लागतो. तो आला नाही तर भजन रद्द. 'हाताला झेपणार नाही' हे कारण त्यामागे असेल, तर ते खरं नाही, हे आता आपल्याला माहीत आहे. मंडळातल्या दोघींनी रोज पंधरा मिनिटं डाव्या बाजूचा घुमारा बसवायला घ्यावा. आधी कान, मग हात. भजनाचा पाया आपल्याच हातात असायला काय हरकत आहे?