घोडे किती, चारा किती?

जास्त शक्तीची गाडी जास्त इंधन पिणार, हे आपण इतके गृहीत धरून चालतो, की त्याबद्दल कोणी प्रश्नही विचारीत नाही. मोठा बैल जास्त वैरण खातो, तसेच हे! आता पुढील उदाहरण पाहा. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने २०११ साली आपल्या एफ-१५० या पिकअप ट्रकसाठी निरनिराळी इंजिने देऊ केली. त्यांतील एक ५ लिटर आकारमानाचे, आठ सिलिंडरांचे आणि ३६० अश्वशक्तीचे होते. दुसरे ३.५ लिटरचे, सहा सिलिंडरांचे आणि ३६५ अश्वशक्तीचे होते. सरकारी चाचणीत पहिल्या गाडीने हमरस्त्यावर लिटरला ८.९ किलोमीटर अंतर काटले, तर दुसरीने ९.४. शहरातील आकडे ६.४ आणि ६.८ असे होते. म्हणजे घोडे पाच जास्त, आणि चारा मात्र कमी! हे कसे झाले?

आधी या गाडीची ओळख करून घेऊ. पिकअप म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर बाजारात भाजीपाला आणणारा लहानसा टेम्पो येतो. अमेरिकेतील 'पूर्ण आकाराचा' पिकअप हे निराळेच प्रकरण आहे. दोन रांगांत पाच-सहा माणसे बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा, लांबी सहा मीटरच्या आसपास आणि वजन सव्वादोन ते अडीच टन. शेतकरी, सुतार, गवंडी यांना तो हवाच असतो. घोड्यांची किंवा होडीची गाडी मागे जोडून ओढायलाही तोच उपयोगी पडतो. फोर्डची ही एफ मालिका १९७७ सालापासून चाळीसहून अधिक वर्षे तेथे सर्वांत जास्त खपणारा ट्रक ठरली आहे. घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण मात्र त्यातून एकटेच कचेरीत जातात, हेही खरे.

आता अश्वशक्तीकडे वळू. जेम्स वॉटने आपली वाफेची इंजिने खपवताना, ती किती घोड्यांचे काम करतील हे गिऱ्हाइकाला सांगता यावे म्हणून हे माप ठरवले. तेव्हा हा आकडा जन्मापासूनच विक्रेत्याच्या तोंडचा आहे, हे विसरू नका. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. जाहिरातीतील ३६५ अश्वशक्ती म्हणजे इंजिनाकडून जास्तीत जास्त मिळू शकणारी शक्ती. तीही मिनिटाला ५,००० फेरे होत असताना आणि पायाखालची कळ पूर्ण दाबलेली असताना. एरवी गाडीला किती शक्ती लागते? ते आपणच काढू.

समजा, चालकासह २,४०० किलोग्रॅम वजनाचा पिकअप सपाट रस्त्यावर सेकंदाला २७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ९७ किलोमीटर वेगाने चालला आहे. वेग कायम असल्यामुळे इंजिनाला फक्त दोन विरोधांशी झगडायचे आहे. पहिला विरोध टायरांचा. तो वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतका धरतात. २,४०० ला ९.८ ने गुणून शंभराने भागले, की सुमारे २३५ न्यूटन येतात. दुसरा विरोध हवेचा. त्याचे सूत्र असे : हवेच्या घनतेचा निम्मा भाग, गुणिले गाडीचा समोरचा पृष्ठभाग, गुणिले आकारावर अवलंबून असणारा एक गुणांक, गुणिले वेगाचा वर्ग. घनता १.२, पृष्ठभाग ३.४ चौरस मीटर आणि गुणांक ०.४ धरा (पिकअपचा आकार काही माशासारखा नसतो!). उत्तर येते सुमारे ६०० न्यूटन. दोन्ही मिळून ८३५ न्यूटन झाले. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. ८३५ गुणिले २७ म्हणजे साडेबावीस हजार वॉट. अश्वशक्तीत सांगायचे तर अवघी तीस!

जुंपलेल्या ३६५ घोड्यांपैकी तीसच घोडे गाडी ओढत आहेत. बाकीचे ३३५ नुसते बरोबर पळत आहेत, आणि खरी मेख इथेच आहे. पळणारा घोडा ओझे ओढो वा न ओढो, चारा खातोच. तेव्हा दोन पिकअपांची तुलना करताना 'जास्तीत जास्त शक्ती किती' यापेक्षा 'एवढेसे काम करताना इंजिन किती नासाडी करते' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ही नासाडी कशी होते? पेट्रोल नीट जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या पावणेपंधरा पट हवा लागते. हे प्रमाण फारसे बदलून चालत नाही. म्हणून इंजिनाची शक्ती कमी करायची झाल्यास नुसते पेट्रोल कमी करून भागत नाही, हवाही कमी करावी लागते. त्यासाठी हवेच्या वाटेवर एक झडप बसवलेली असते. चालकाने कळीवरचा पाय उचलला, की झडप मिटत जाते आणि पिस्टनला अर्धवट निर्वातातून हवा ओढून घ्यावी लागते. शीतपेयाच्या नळीचे तोंड बोटाने जवळजवळ बंद करा आणि मग पेय ओढून पाहा. गाल दुखतील, पण पेय थोडेच मिळेल. पाच लिटरच्या इंजिनाकडून केवळ तीस अश्वशक्ती घ्यायची, तर ते बिचारे सतत असेच अडवलेल्या नळीतून श्वास घेत असते. शिवाय आठ पिस्टनांचे सिलिंडरांशी होणारे घर्षण आहेच.

लहान इंजिनाला तेवढ्याच कामासाठी झडप जास्त उघडावी लागते, आणि घासणारे भागही कमी असतात. म्हणून त्याची नासाडी कमी. मग ३६५ घोडे येतात कोठून? फोर्डच्या त्या सहा सिलिंडरी इंजिनाला दोन टर्बोचार्जर होते. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक लहान चक्र फिरते, ते दुसरे चक्र फिरवते आणि हे दुसरे चक्र सिलिंडरांत हवा कोंबते. जास्त हवा आली, की जास्त पेट्रोल जाळता येते. थोडक्यात, गरज नसताना लहान आणि गरज पडली की मोठे, असे हे इंजिन आहे. शेवरोलेच्या २०१४ सालच्या सिल्व्हरॅडो पिकअपमध्ये याच रोगावर दुसरा उपाय होता. तेथे ५.३ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिनच ठेवले, पण काम हलके असताना त्यातले चार सिलिंडर आपोआप थांबत.

आपल्या गणिताचा ताळाही पाहून घेऊ. लिटरला ९.४ किलोमीटर, म्हणजे शंभर किलोमीटरला सुमारे १०.७ लिटर पेट्रोल. एका लिटरमध्ये साधारण ३.२ कोटी जूल ऊर्जा असते, म्हणजे एकूण ३४ कोटी जूल झाले. रस्त्यावरचे काम किती? ८३५ न्यूटन गुणिले एक लाख मीटर, म्हणजे साडेआठ कोटींच्या आत. जेमतेम चौथा हिस्सा कामी आला; उरलेला धुरातून, रेडिएटरमधून आणि घर्षणातून उष्णतेच्या रूपाने गेला. वेग सेकंदाला ३६ मीटर, म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या आसपास केला, तर काय होईल तेही काढून पाहा. लागणारी शक्ती तीसवरून बासष्टवर जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची मूळची हमरस्ता चाचणी ताशी ९७ किलोमीटरच्या वर जातच नाही. जास्त वेगाची, थंडीची आणि वातानुकूलनाची भर २००८ सालच्या गाड्यांपासून पडली. चाचणी प्रयोगशाळेत रुळांवर होते, आणि तीत मागे ओझे मात्र कोणीच जोडत नाही.

म्हणून ते आपण जोडू. ॲरिझोना राज्यात डेव्हिस धरणाजवळ सुमारे १८ किलोमीटर लांबीचा एक चढ आहे. पिकअपने किती ओझे ओढावे हे ठरवण्यासाठी अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने जी कसोटी घालून दिली, तिच्यात हा चढ आहे. वातानुकूलन पूर्ण चालू ठेवायचे, आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येऊ द्यायचा नाही. समजा, आपल्या पिकअपमागे चार टनांची गाडी जोडली आणि एकूण वस्तुमान साडेसहा टन झाले. शंभर मीटरला पाच मीटर एवढा चढ धरला, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३,२०० न्यूटन बल लागते. टायरांचे साडेसहाशे आणि हवेचे दुप्पट, म्हणजे बाराशे धरा. पूर्वीच्याच ताशी ९७ च्या वेगाने चढायचे असेल, तर १८० अश्वशक्तीहून अधिक हवी. चढ जरा खडा, समजा सात टक्के झाला, तर २२८. आता बाकीचे घोडेही जुंपले गेले! त्या अठरा किलोमीटरांत, माझ्या हिशेबाने, दहा ते बारा लिटर पेट्रोल जळेल. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर तेवढे अंतर दोन लिटरांत जाते.

येथे जाहिरातींतील आणखी एका शब्दाचा समाचार घ्यायला हवा. तो शब्द म्हणजे टॉर्क, इंजिनाने दंडाला दिलेला पीळ. रॅम कंपनीच्या २०१४ सालच्या डिझेल पिकअपचा टॉर्क ५६९ न्यूटन-मीटर होता. फोर्डच्या त्या टर्बो इंजिनाचाही नेमका तेवढाच. मग दोन्ही गाड्या चढावर सारख्याच का? नाही. टॉर्क दंतचक्रांनी हवा तेवढा वाढवता येतो, पण त्या प्रमाणात फेरे कमी होतात. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि ती कोणत्याही दंतचक्राने वाढत नाही. डिझेलची शक्ती २४० अश्वशक्ती होती. सात टक्क्यांच्या चढावर २२८ तर चाकांशीच हवी. वाटेतले घर्षण धरता डिझेल गाडीला वेग कमी करावा लागणार.

इंधनात मात्र तीच सरस ठरली : हमरस्त्यावर लिटरला ११.९ किलोमीटर. डिझेल इंजिनात शक्ती कमी करायला हवा अडवावी लागत नाही, इंधन कमी केले की झाले. संपीडनही जास्त असते. परंतु एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते, हे विसरून लिटरांची सरळ तुलना करणे म्हणजे शेर आणि पायली एकाच मापाने मोजणे होय.

मापाचा आणखी एक फसवा गुण आहे. 'लिटरला किती किलोमीटर' असे आपणही मोजतो आणि अमेरिकन लोकही (ते गॅलनला मैल म्हणतात एवढेच). ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली दाखवून दिले, की या मापामुळे लोकांचा अंदाज चुकतो. एका कुटुंबाकडे लिटरला ६ किलोमीटर जाणारा पिकअप आणि १३ किलोमीटर जाणारी मोटार आहे, असे समजा. पैसे एकच गाडी बदलण्यापुरते आहेत. पिकअप बदलून साडेसातचा घ्यावा, की मोटार बदलून सतराची? दीडपेक्षा चार मोठे, म्हणून बहुतेकजण मोटार बदला म्हणतील. दोन्ही गाड्या वर्षाला २०,००० किलोमीटर चालतात असे धरून भागाकार करा. मोटार बदलल्यास वर्षाला सुमारे ३६० लिटर वाचतात, पिकअप बदलल्यास ६६७. लिटरमागे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर दीड टन वायू कमी! अमेरिकेत २०१३ सालच्या गाड्यांपासून काचेवरच्या कागदावर शंभर मैलांना किती गॅलन लागतात, हा आकडाही छापतात. आपणही शंभर किलोमीटरला किती लिटर, असेच विचारायला हवे.

आतापर्यंत शहरातील आकड्यांकडे आपण दुर्लक्ष केले. शहरात वेग कमी, म्हणून हवेचा विरोध किरकोळ. तरी तेथे गाडी जास्त इंधन खाते, ती ब्रेकमुळे. प्रत्येक सिग्नलला गाडीची गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये तापून वाया जाते आणि पुन्हा नव्याने द्यावी लागते. ही ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात असते. म्हणून फोर्डने २०१५ साली एफ-१५० चा सांगाडा सोडून वरचे अंग ॲल्युमिनियमचे केले, आणि काही गाड्यांचे वजन ३०० किलोग्रॅमहून अधिक घटले. सपाट हमरस्त्यावर एवढ्या घटीने विरोध चार टक्केही कमी होत नाही. शहरात तिचा लाभ त्याहून बराच जास्त.

याच कंपनीची २०२१ सालची संकर गाडी आणखी पुढे गेली. तीत टर्बो पेट्रोल इंजिनाच्या जोडीला ३५ किलोवॉटची विद्युत मोटर आणि दीड किलोवॉट-तासाची बॅटरी आहे. ब्रेक लावताना हीच मोटर जनित्र बनते आणि एरवी तापून जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवते. नुसत्या इंजिनाची गाडी ४०० अश्वशक्तीची. शहरात लिटरला ७.७ आणि हमरस्त्यावर १०.२ किलोमीटर. संकर गाडी ४३० अश्वशक्तीची, शहरात १०.६ आणि हमरस्त्यावर ११.१. फरक कोठे पडला पाहा. हमरस्त्यावर ब्रेकच क्वचित लागतो, तेव्हा परत मिळवायचे तरी काय? आणि डेव्हिस धरणाच्या त्या चढावर मोटर पूर्ण शक्तीने लावली, तर दीड किलोवॉट-तास अडीच मिनिटांत संपतात. चढ आहे अकरा मिनिटांचा. उरलेली साडेआठ मिनिटे पेट्रोलचे घोडेच ओढणार.