घडामागचा नंबर

युरोपला जाणाऱ्या द्राक्षाला गोडी येण्याआधी नंबर येतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काड्यांवर पोंगे फुटत असतात, त्याच सुमारास शेतकरी कृषी खात्याकडे आपल्या बागेची निर्यातीसाठी नोंदणी करतो. ‘एमएच’नं सुरू होणारा एक लांबलचक नंबर त्या प्लॉटला मिळतो. शेतकऱ्याचे दोन प्लॉट असतील तर नंबरही दोन. पुढचे चार-पाच महिने तो माणूस नावानं कमी आणि या नंबरानं जास्त ओळखला जातो. प्रयोगशाळा, पॅकहाऊस, निर्यातदार आणि शेवटी रॉटरडॅमचा आयातदार, सगळ्यांकडे पोचतो तो हाच नंबर.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात हा नंबर रुळून आता बरीच वर्षं झाली. त्याच्या मुळाशी एक फटका आहे. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये मिथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश सापडले. माल नाकारला गेला आणि काही बागांच्या चुकीपायी सगळ्या देशाच्या द्राक्षाकडे संशयानं बघितलं जाऊ लागलं. मग अपेडानं, म्हणजे कृषिमाल निर्यातीसाठीच्या केंद्रीय प्राधिकरणानं, औषधांचे उर्वरित अंश तपासायची पद्धत बसवली. पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यासाठीची संदर्भ प्रयोगशाळा झालं. २००६-०७च्या हंगामापासून हे सगळं ‘ग्रेपनेट’ या संगणकीय जाळ्यात गेलं. डाळिंब, आंबा, भाजीपाला यांची जाळी त्याच धर्तीवर नंतर आली.

कागदाच्या काळातला धोका साधा होता : अहवाल एका बागेचा, माल दुसऱ्या बागेचा. संगणकानं बंद केली ती ही फट. ती कशी बंद झाली, हे बघायचं तर नमुना घेतानाच बागेत उभं राहावं लागतं.

फेब्रुवारीतली सकाळ. वाय आकाराच्या मांडवाखाली थॉमसन जातीचे घड लोंबतायत, मणी भरलेत, रंग हिरव्याकडून पिवळसरकडे झुकलाय. मोटारसायकलवरून आलेला प्रयोगशाळेचा तरुण आधी फोनवर प्लॉटचा नंबर उघडतो, आपण कुठे उभे आहोत ते ॲपमध्ये नोंदवतो आणि मगच कात्री काढतो. बागाईतदाराचा आग्रह असतो, “भाऊ, या मधल्या ओळीतनं घ्या ना, माल एक नंबर आहे.” पोरगा हसतो, “अण्णा, मला एक नंबर नको, सगळा प्लॉट पाहिजे.” तो आडवातिडवा चालत जातो. एका वेलीवरचा घड घेतो, पुढच्या पाच-सहा वेली सोडतो. कडेच्या ओळीतला घेतो, पानाआड दडलेलाही घेतो. पानाआडचा महत्त्वाचा, कारण तिथे ऊन पोचत नाही आणि औषध जास्त दिवस टिकतं. पिशवीला सील लागतं, त्यावर कोड लागतो आणि माल थंड पेटीत जातो.

प्रयोगशाळेत त्या देखण्या घडांचं आयुष्य मिक्सरमध्ये संपतं. सगळे मणी सालीसकट दळले जातात, लगद्यातला थोडासा भाग द्रावकात घुसळला जातो, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला जातो आणि गाळून यंत्रात जातो. बऱ्याच रसायनांसाठी युरोपची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक टन द्राक्षात १० मिलिग्रॅम. पाच किलोच्या २०० पेट्यांत मिळून चिमूटभरही नाही! काही युरोपीय सुपरमार्केटं याच्याही पुढे जातात. कायद्याच्या मर्यादेचा एक तृतीयांशच चालेल आणि एका नमुन्यात अमुक इतकीच औषधं दिसली पाहिजेत, अशी त्यांची वेगळी अट असते.

अहवाल थेट जाळ्यावर चढतो. अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर त्या नंबरावर ‘अलर्ट’ लागतो आणि पॅकहाऊसच्या संगणकावर तो प्लॉट अडतो. शेजारच्या बागेला मात्र धक्का लागत नाही. माझ्या मते या सगळ्या बदलाचा गाभा हाच आहे. संगणकानं द्राक्ष गोड केलं नाही, मण्याचा आकार एका मिलिमीटरनंही वाढवला नाही. त्यानं दोष वाटून टाकण्याची सोय काढून घेतली. पूर्वी एकाच्या चुकीची किंमत सगळा जिल्हा मोजायचा. आता ती ज्याची त्याच्याच दारात येते, आणि नीट वागणाऱ्याला आपलं नीटपण दाखवायला जागा मिळते.

पॅकहाऊसमध्ये याचं रोजचं रूप दिसतं. पहाटे तोडलेला माल क्रेटमधून येतो आणि क्रेटवर प्लॉटची चिठ्ठी असते. एका लाइनीवर एका वेळी एकाच प्लॉटचा माल. दुसरा सुरू करण्याआधी टेबलं रिकामी होतात, खाली पडलेले मणीसुद्धा उचलले जातात. टोप्या-हातमोजे घातलेल्या बायका देठाला धरून घड फिरवतात, कारण मण्यावरची पांढरट झिलई बोट लागलं की पुसते. तडकलेला, बारका, डागाळलेला मणी कात्रीच्या टोकानं उडतो. अर्ध्या किलोचे पनेट, म्हणजे छोटे डबे, भरतात, त्यावर गंधकवायू सोडणारा कागद येतो. मग माल प्रीकूलिंगला जातो आणि तिथून शून्य अंशाच्या आसपासच्या कोठीत. पेटीवरच्या लेबलात प्लॉट आहे, पॅकहाऊस आहे, तारीखही आहे. अहवालात त्या प्लॉटचा अपेक्षित माल नोंदलेला असतो आणि पॅकिंग होईल तसा तो वजा होत जातो. त्यामुळे एका एकराच्या नंबरावर तीन एकरांचा माल खपवायला गेलं तर आकडाच आडवा येतो.

कंटेनरमध्ये तापमान टिपणारं छोटं यंत्र ठेवतात. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा या यंत्राची किंमत सगळ्यांना कळली. प्रवास लांबला की देठ सुकतो, मणी मऊ पडतो. मग भांडण होतं : माल मुळात कच्चा होता की वाटेत गारवा तुटला? तापमानाचा आलेख असला तर उत्तर मिळतं, नाहीतर शेवटी पैसे बागाईतदाराचे कापले जातात.

पण हेच जाळं २०१० साली तोंडघशी पडलं होतं. युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं, बागेतल्या भाषेत ‘सीसीसी’. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ रोखून घड धरायला मदत व्हावी म्हणून ते फवारायची पद्धत होती. घड दिसायच्या कितीतरी आधी मारलेलं औषध वेलीत मुरून राहिलं आणि पुढच्या हंगामाच्या मण्यात उतरलं. आपल्याकडचे अहवाल स्वच्छ होते, कारण तपासायच्या यादीत सीसीसी नव्हतंच. नंबर बरोबर होते, सील शाबूत होती, यंत्रं चोख होती. विचारायचा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. कंटेनर अडकले, अनेक बागाईतदार कर्जात गेले. त्यानंतर यादीत सीसीसी आलं आणि दर हंगामाआधी यादी नव्यानं तपासणं किती गरजेचं आहे, तेही उमगलं.

आजचा कमकुवत दुवा वेगळा आहे, आणि तो बागेच्याही अलीकडे, गावातल्या औषधाच्या दुकानात आहे. बागाईतदार आता फवारणीची वही ठेवतो, कोणी ॲपमध्ये भरतो. औषध मारल्यापासून तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं, त्याला तोंडपाठ असतं. बांधावरचं हवामान केंद्र पान किती तास ओलं राहिलं ते सांगतं, मग डाउनी रोगाच्या भीतीनं होणारी एखादी फवारणी वाचते. पण ‘जैविक’ किंवा ‘टॉनिक’ म्हणून घेतलेल्या बाटलीत लेबलावर न लिहिलेलं रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं असेल तर? तशी भेसळ होते, हे द्राक्षपट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. वहीत लिहिलं जातं निंबोळी अर्क आणि अहवालात निघतं भलतंच. अलर्ट लागतो बागेच्या नंबरावर. बाटली विकणाऱ्याचा नंबर कुठल्याच पडद्यावर नसतो. “आमची झडती आमच्या घडापर्यंत,” एक बागाईतदार मला म्हणाले, “बाटलीची कोण घेणार?”

अलर्ट लागलेल्या प्लॉटचं काय होतं, तेही बघायला हवं. फेरतपासणीत सुटला तर ठीक. नाहीतर माल युरोपला जात नाही, एवढंच जाळं सांगतं. तो इथल्या मंडईत आला तर त्यावर लेबल नसतं. आपल्याकडेही अंशांच्या मर्यादा कायद्यात आहेत, पण दादरला गाडीवरून किलोभर द्राक्षं घेणाऱ्या बाईंना त्या घडाचा प्लॉट विचारायची सोय नाही. हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकासाठी मात्र ती आहे.

म्हणून या यंत्रणेचं कौतुक करताना तिची हद्दही मोजायला हवी. ती प्लॉटपासून बंदरापर्यंत खरी चालते, आणि लाखभर रुपयांची यंत्रं नसलेला छोटा बागाईतदारही तिच्यात उभा राहू शकतो, हे नाशिकनं दाखवून दिलं. आता ती दोन्ही टोकांना वाढायला हवी. औषधाच्या बाटलीचा बॅच नंबर बिल करतानाच प्लॉटच्या खात्यात चढला पाहिजे, म्हणजे अलर्ट लागला की पहिली चौकशी दुकानात होईल. आणि निर्यातीतून बाद झालेला माल त्याच नंबरासकट बाजार समितीत उतरला पाहिजे. दोन्हीसाठी नवं तंत्र शोधायची गरज नाही. जे आहे तेच आणखी दोन दारांपर्यंत न्यायचं आहे, आणि ते नेण्यासाठी युरोपातून आणखी एक कंटेनर परत येण्याची वाट बघायचं कारण नाही.