जुन्या ट्रंकेतला हाली रुपया

जालना, अंबड, परतूर भागात जुन्या घराची आवराआवर निघाली की खातेवह्यांमध्ये कधीतरी उर्दू मजकुराची नोट सापडते. पाकिस्तानची असेल म्हणून ती बाजूला टाकली जाते. वास्तविक ती आपल्याच आजोबा-पणजोबांच्या व्यवहारातली, निजामाच्या हैदराबाद संस्थानची नोट असते.

संस्थानांनी कागदी चलन काढावं, हे इंग्रजांना मान्य नव्हतं. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, निजामानं युद्धाला भरघोस मदत केली, तेव्हा कुठे 1918 मध्ये परवानगी मिळाली. आधी दहा आणि शंभरच्या, 1919 मध्ये एक आणि पाचच्या, 1926 मध्ये हजाराच्या नोटा आल्या. छपाई लंडनच्या वॉटरलो कंपनीत होई, पुढे नाशिकला होऊ लागली.

यातल्या काही नोटा समुद्रतळाशी जाऊन आल्या आहेत. लंडनहून मुंबईला निघालेली ‘ईजिप्त’ बोट 20 मे 1922 रोजी फ्रान्सजवळ धुक्यात टक्कर होऊन बुडाली. बोटीवर सोन्याचांदीबरोबर निजामाच्या नोटांचे गठ्ठेही होते. सुमारे दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी ते वर काढले. खाऱ्या पाण्याचे डाग पडलेल्या त्या नोटा संग्राहक आजही आवर्जून शोधतात.

नोट हातात आली तर आधी उलटसुलट नीट पाहा. उर्दूशिवाय मराठी, तेलुगू, कानडी आणि इंग्रजीतही रक्कम दिसेल. सालाचा आकडा फसली या महसुली सनाचा असतो. त्यात 590 मिळवले की इसवी सन साधारण कळतं. सही तर नक्की वाचून घ्या. काही नोटांवर सही असलेले संस्थानचे अर्थमंत्री गुलाम मुहंमद पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. त्यांच्या सहीची नोट जालन्याच्या मोंढ्यात फिरली असेल, ही कल्पनाच मला थक्क करते.

निजामाच्या रुपयाला हाली म्हणत आणि इंग्रजी रुपयाला कलदार; सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब असे. मुंबईशी सरकी-कापसाचा व्यवहार करणाऱ्याला दोन्ही चलनांचा मेळ घालावा लागे. 1951 पासून हैदराबादचं चलन काढणं थांबलं आणि 1959 मध्ये ते रद्द झालं. आज बँकेत त्याचं काही मिळणार नाही.

संग्राहकांच्या बाजारात मात्र किंमत बरीचशी ठरते ती कागदाच्या अवस्थेवरून, आणि चांगल्या हेतूनं केलेली दुरुस्तीच तिथे घात करते. लॅमिनेशन, चिकटपट्टी, इस्त्री यांतलं काहीही करू नका. स्वच्छ, कोरड्या हातानं नोट उचला, घडी अलगद उघडा आणि पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवा. नोट कुणाच्या वहीत, कोणत्या पानाशी सापडली, त्या वर्षी घरात कसला व्यवहार चालला होता, हेही चिठ्ठीवर लिहा. मराठवाड्यातल्या या चलनाच्या घरगुती आठवणी फारशा कुणी नोंदवलेल्या नाहीत. त्या सांगू शकणारी नव्वदीतली माणसं घरात असतील, तर नोट विकायच्या आधी त्यांच्यापुढे धरा आणि ती बोलतील ते लिहून घ्या.